का द'ओरो : कालव्याकाठच्या सोन्याच्या घरात मूळचे किती उरले आहे?

नीलमोहोर

व्हेनिसच्या मोठ्या कालव्यातून एक क्रमांकाच्या जलबसने रेल्वे स्थानकाकडून रिआल्तोकडे जाताना डाव्या हाताला जाळीदार दगडी सज्जांची एक वास्तू दिसते. थांब्याचे नावही तिच्यावरूनच पडले आहे : का द'ओरो, म्हणजे सोन्याचे घर. सोने मात्र आज तिथे औषधालासुद्धा नाही. यंदा मी तिथे अर्धा दिवस घालवला आणि परतल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढला आहे.

आधी थोडक्यात इतिहास सांगते. मारिनो कोंतारिनी हा व्हेनिसचा एक श्रीमंत सरदार होता. त्याची पत्नी झेन घराण्यातली होती आणि या जागेवर तिच्या माहेरचे जुने घर होते. ते त्याने १४१२ मध्ये विकत घेतले. पत्नी १४१७ मध्ये वारली. १४२१ च्या सुमारास त्याने नवे बांधकाम काढले आणि ते पुढची जवळजवळ वीस वर्षे चालू राहिले. मिलानहून आलेला मात्तेओ राव्हेर्ती, तसेच जोव्हान्नी बोन आणि त्याचा मुलगा बार्तोलोमेओ हे त्याचे प्रमुख पाथरवट होते. मारिनोने हिशेबाच्या वह्या चोख ठेवल्या होत्या आणि सुदैवाने त्या टिकल्या, त्यामुळे कोणत्या कारागिराने काय केले हे आपल्याला बऱ्यापैकी कळते. १४४१ मध्ये मारिनो वारला. पुढे वारसांत वाटण्या झाल्या, घर हातोहात फिरले, १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताकही संपले आणि एकोणिसाव्या शतकात एका मालकाच्या हौसेपायी या घराची वाताहत झाली. १८९४ मध्ये बॅरन जॉर्जो फ्रांकेत्ती यांनी ते विकत घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला, १९१६ मध्ये घर आणि आपला कलासंग्रह दोन्ही इटलीच्या सरकारला देऊन टाकले आणि १९२७ मध्ये तिथे संग्रहालय उघडले.

आता माझा प्रश्न. तळमजल्यावरची संगमरवरी नक्षीची फरसबंदी पाहून मी अक्षरशः खाली बसले होते. नंतर वाचनात आले की ती मारिनोच्या काळची नाहीच, फ्रांकेत्तींनी ती नव्याने घडवली आहे. अंगणातला जिनाही विकून टाकलेले तुकडे शोधून आणून पुन्हा उभा केलेला आहे. मग मी पाहिले ते घर कोणाचे म्हणायचे? मारिनोचे की फ्रांकेत्तींचे? आणि अशा जीर्णोद्धाराला आपण प्रामाणिक म्हणावे का?

खडूस

नावातच प्रश्न आहे, ताई. 'का' द'ओरो? सोने नाही तर का म्हणून द'ओरो?

गवाक्ष

खडूस यांच्या विनोदाचेच बोट धरून पुढे जातो. हा 'का' म्हणजे 'कासा' या शब्दाचे व्हेनिसच्या बोलीतले आखूड रूप आहे आणि त्याचा अर्थ साधे 'घर' एवढाच आहे. राजवाडा हा शब्द तिथे प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या, म्हणजे दोजच्या निवासापुरता राखून ठेवलेला होता. बाकीच्यांनी कितीही डोलारा उभारला तरी कागदोपत्री ते घरच. कोंतारिनी घराण्यात आठ दोज होऊन गेले, तरीही हे घरच राहिले. त्यामुळे आपण याला राजवाडा म्हणण्यापेक्षा सावकाराचा वाडा म्हणणे अधिक नेमके होईल, कारण त्याची रचनाही तशीच आहे. तळमजल्यावर पाण्याच्या दारातून थेट होडीतून माल उतरायचा आणि तिथेच साठवला जायचा, तर वरच्या मजल्यावर लांबलचक दिवाणखाना आणि कुटुंबाचा राबता असायचा. दुकान, कोठार आणि बिऱ्हाड एका छपराखाली नांदत होते.

सोन्याबद्दल सांगायचे तर तो वर्ख खरोखरच होता, ही कविकल्पना नव्हे. मारिनोने १४३१ मध्ये झुआन द फ्रांझा या रंगाऱ्याशी केलेला करार उपलब्ध आहे. छतावरच्या कंगोऱ्यांच्या टोकांना असलेले गोळे, कोरीव पाने आणि सिंह यांना सोनेरी वर्ख, पार्श्वभूमीला लाजवर्दी निळा रंग, काही भागाला शिशाचा सफेदा, आणि व्हेरोनाच्या तांबड्या दगडाचा रंग खुलावा म्हणून त्यावर तेल व रोगण, अशा सूचना त्यात आहेत. लाजवर्द त्या काळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येत असे आणि त्याची किंमत सोन्याच्या पंक्तीत बसणारी होती. म्हणजे या दर्शनी भागात निळ्याचा तोराही सोन्याइतकाच होता. खाऱ्या हवेत, उन्हापावसात हे सगळे फार काळ टिकणार नाही हे व्हेनिसच्या व्यापाऱ्याला कळत नसेल असे मला वाटत नाही. तरीही त्याने ते केले, यातच त्या माणसाचा स्वभाव दिसतो.

चौकस_आजोबा

नीलमोहोर यांनी 'एका मालकाच्या हौसेपायी' एवढ्यावरच ते प्रकरण आटोपते घेतले, पण खरी रंगत तिथेच आहे. १८४० च्या दशकात अलेक्सांद्र त्रुबेत्स्कोय या रशियन राजपुत्राने हे घर घेतले आणि मारी तालिओनी या विख्यात बॅले नर्तिकेला दिले. पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचण्याच्या शैलीला जिने प्रतिष्ठा मिळवून दिली तीच ही तालिओनी. घर 'नीटनेटके' करण्याचे काम जाम्बात्तिस्ता मेदूना या वास्तुविशारदाकडे गेले. व्हेनिसचे 'ला फेनीचे' हे जळालेले नाट्यगृह भावाबरोबर पुन्हा उभारणारा तोच हा मेदूना. त्याने अंगणातला गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीतला जिना काढून टाकला, सज्ज्यांचे दगड उतरवले आणि अंगणातल्या आडाचा कोरीव कठडाही घराबाहेर गेला.

इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन १८४५ मध्ये समोर बसून या घराचे चित्र काढत होते आणि त्याच वेळी मजूर हातोड्यांनी तेच घर उतरवत होते. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी याबद्दल फार तळमळीने लिहिले आहे. व्हेनिसमधल्या आपल्या पद्धतीचा सर्वांत लक्षणीय जिना तुकड्यातुकड्यांनी नेऊन भंगार संगमरवर म्हणून विकला गेला, अशी नोंद त्यांनी पुढे आपल्या ग्रंथातही केली. ते जलरंगातले चित्र अपुरे वाटते, पण या घराच्या पूर्वरूपाची मोलाची साक्ष त्यातच आहे. चाहत्याने नर्तिकेला घर द्यावे आणि नर्तिकेने त्याचा जिना विकावा, असा हा सारा मामला आहे.

मंजिरी_क

आजोबा, एक दुरुस्ती सुचवते. त्रुबेत्स्कोय यांना नुसते चाहते म्हणून सोडून देता येणार नाही. त्यांनी १८५२ मध्ये तालिओनीच्या मुलीशी लग्न केले. म्हणजे 'होणाऱ्या जावयाने सासूला घर दिले' असे म्हणावे लागेल.

खडूस

सासूला कालव्याकाठचे घर देणारा जावई! त्या जिन्याबद्दल तिला मी तरी माफ केले.

परखड

गमतीजमती चालू द्यात, पण मूळ प्रश्नावर मी वेगळे मत मांडतो. मेदूनाला आपण खलनायक ठरवतो आणि फ्रांकेत्तींना देवमाणूस, हे मला पटत नाही. दोघांनीही आपल्या काळाच्या अभिरुचीप्रमाणे त्या घराला हवे ते रूप दिले. मेदूनाला नीटनेटके, प्रमाणबद्ध गॉथिक हवे होते, तर फ्रांकेत्तींना स्वप्नातले मध्ययुग हवे होते. नीलमोहोर ज्या फरशीपुढे खाली बसल्या ती फरशी तर त्या घरात त्या स्वरूपात कधी असल्याचा पुरावाच नाही. ती सान मार्को आणि इतर जुन्या चर्चमधल्या फरश्यांच्या धर्तीवर, प्राचीन संगमरवराचे तुकडे जमवून केलेली रचना आहे. सावकाराच्या माल उतरवण्याच्या जागेत चर्चची फरशी घालणे याला इतिहास म्हणायचे की नाट्यसृष्टी?

याच कालव्यावर या वृत्तीचे टोक पाहायचे असेल तर फोंदाको देई तुर्की पाहा. तेराव्या शतकातली ही इमारत १६२१ ते १८३८ या काळात तुर्की व्यापाऱ्यांची वखार होती. १८६० च्या दशकात फेदेरिको बेर्केत यांनी ती 'मूळ' रूपात आणण्याच्या नावाखाली जवळपास नव्याने बांधली आणि दोन बाजूंना बुरूजही चढवले. आता तिथे निसर्गविज्ञानाचे संग्रहालय आहे. लोक तिची छायाचित्रे काढतात आणि आपण तेराव्या शतकात उभे आहोत असे समजतात. आपल्याकडे जुन्या देवळाच्या दगडी खांबांना ऑइलपेंट फासला की आपण हळहळतो. परदेशातल्या रंगरंगोटीला मात्र आपण जीर्णोद्धार म्हणतो.

दर्यावर्दी

परखड, तुमचे फोंदाकोबद्दलचे म्हणणे मान्य आहे, परंतु तोच न्याय का द'ओरोला लावणे मला अन्यायाचे वाटते. बेर्केत यांनी पडक्या इमारतीच्या जागी आपल्या कल्पनेतली इमारत उभी केली. फ्रांकेत्ती मात्र गहाळ झालेल्या वस्तूंच्या मागे वर्षानुवर्षे फिरले. आडाचा कठडा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. बार्तोलोमेओ बोनने १४२७-२८ मध्ये तो व्हेरोनाच्या तांबड्या दगडात कोरला, धैर्य, न्याय आणि वत्सलता या सद्गुणांच्या स्त्रीरूप प्रतिमा त्यावर आहेत. एकोणिसाव्या शतकात तो विकला गेला होता आणि फ्रांकेत्तींनी तो परत मिळवून मूळ अंगणात बसवला. जिन्याचेही तसेच. याला नाट्यसृष्टी कसे म्हणणार? ही तर हरवलेली माणसे शोधून घरी आणण्यासारखी गोष्ट आहे.

फरशीबद्दलही एक सांगतो. फ्रांकेत्ती श्रीमंत घराण्यातले होते, आई रॉथशील्ड कुटुंबातली, भाऊ अल्बेर्तो नावाजलेला ऑपेरा संगीतकार. तरीही ती फरशी त्यांनी नुसती पैसे मोजून करवून घेतली नाही. गुडघे टेकून, स्वतःच्या हाताने तुकडे बसवत ते कारागिरांबरोबर काम करत असत. १९२२ मध्ये ते वारले तेव्हा संग्रहालय उघडायला अजून अवकाश होता. त्यांच्या अस्थी त्याच तळमजल्यावर, जांभळट पॉर्फिरी दगडाच्या एका बुटक्या स्तंभाखाली ठेवल्या आहेत. नीलमोहोर, तुम्ही तो स्तंभ पाहिला का?

नीलमोहोर

पाहिला, पण तो काय आहे हे तेव्हा माहीत नव्हते. शोभेचा खांब असेल असे वाटले आणि त्याच्या शेजारी उभी राहून मी छायाचित्रही काढून घेतले. आता थोडे ओशाळल्यासारखे झाले आहे.

कुतूहल

मध्येच एक बाळबोध प्रश्न विचारतो. चहूकडे पाणी असताना या लोकांना अंगणात आड कशाला लागत होता? आणि खाऱ्या पाण्याच्या शेजारी खणलेल्या आडाला गोडे पाणी कसे लागत असे?

गवाक्ष

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. तो आपल्या अर्थाने आड नव्हताच, पावसाच्या पाण्याचे ते टाके होते. अंगण खोल खणून त्याच्या तळाला आणि बाजूंना चिकणमातीचा जाड थर देत असत, म्हणजे खाजणाचे खारे पाणी आत झिरपत नसे. त्या खोलगट भागात वाळू भरायची आणि मधोमध विटांची नळी उभी करायची. अंगणाच्या फरशीत जाळ्या ठेवलेल्या असत, त्यांतून पावसाचे पाणी वाळूत उतरे, गाळले जाऊन मधल्या नळीत साठे आणि तिथून पोहऱ्याने काढले जाई. वर दिसणारा कोरीव कठडा हे या सगळ्या यंत्रणेचे फक्त तोंड. त्यावर न्याय आणि वत्सलता कोरण्यामागे मारिनोचा हेतू धार्मिक असेलच, पण पाणी ही घरातली सर्वांत जपायची चीज होती हेही त्यातून कळते. मेदूनाच्या काळात तो कठडा गेला तेव्हा घराचा पाणवठाच शोभेची वस्तू म्हणून बाजारात गेला, असे मी म्हणेन.

पाथेय

चर्चा वास्तूवरच चालली आहे, पण संग्रहालय म्हटले की आतल्या वस्तूही आल्या. का द'ओरोतल्या बहुतेक वस्तू त्या घराच्या नाहीतच. जॉर्जोने आणि तित्सियानो या दोन चित्रकारांनी फोंदाको देई तेदेस्की या जर्मन वखारीच्या बाहेरच्या भिंतींवर १५०८ च्या सुमारास काढलेल्या भित्तिचित्रांचे उरलेसुरले तुकडे इथे आणून ठेवले आहेत. खाऱ्या वाऱ्याने ती चित्रे इतकी खाल्ली आहेत की जॉर्जोनेच्या विवस्त्र स्त्रीची आता केवळ लालसर छाया उरली आहे. मला ते पाहताना मारिनोच्या उडालेल्या वर्खाचीच आठवण झाली. घराबाहेर रंगवलेले या शहरात टिकत नाही.

फ्रांकेत्तींचे सर्वांत लाडके चित्र म्हणजे मान्तेन्या या चित्रकाराचे संत सेबास्तिआनो. त्यासाठी त्यांनी संगमरवरी देव्हाऱ्यासारखी स्वतंत्र खोली करवून घेतली. हे चित्र १५०६ मध्ये मान्तेन्या वारला तेव्हा त्याच्याच कार्यशाळेत होते. बाणांनी विंधलेल्या संताच्या पायाशी विझलेली, धूर सोडणारी मेणबत्ती आहे आणि तिच्याभोवतीच्या पट्टीवर लॅटिन वचन आहे : दैवी तेवढेच स्थिर आहे, बाकी सारा धूर.

याच्या उलट का रेत्सोनिको पाहा, तोही याच कालव्यावर आहे. बोन नावाच्या सरदार घराण्याने लोंगेना या वास्तुविशारदाकडून त्याचे काम १६४९ मध्ये काढले आणि पैसा संपल्यावर ते रखडले. पुढे रेत्सोनिको या सावकारांनी ते अर्धवट घर घेऊन १७५६ मध्ये मास्सारी या दुसऱ्या वास्तुविशारदाकडून पुरे करून घेतले. दोन वर्षांत त्यांच्यातला एक जण पोपही झाला. १९३५ मध्ये शहराने ते घेतले आणि पुढच्याच वर्षी तिथे अठराव्या शतकाचे संग्रहालय केले. तिथेही सामान बाहेरून आणलेले आहे, पण ते त्याच शतकातले आणि त्याच शहरातले असल्यामुळे घराला शोभते. आपल्याला जिव्हाळ्याची वाटावी अशी एक गोष्ट तिथे आहे. प्येत्रो लोंगी या चित्रकाराने १७५१ च्या कार्निव्हलमध्ये मांडलेल्या गेंड्याचे चित्र काढले, ते तिथे टांगलेले आहे. ती मादी होती, तिचे नाव क्लारा. पिलू असताना तिला भारतात पकडले होते, बंगालमधल्या डच कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घरी ती वाढली आणि १७४१ मध्ये एक डच कप्तान तिला जहाजाने युरोपात घेऊन गेला. चित्रात तिचे शिंग तिच्या नाकावर नाही, ते रखवालदाराच्या हातात आहे. मुखवटे घातलेले व्हेनिसकर मागे उभे राहून पाहत आहेत आणि ती मात्र शांतपणे गवत खाते आहे.

खडूस

त्या चित्रात मुखवटा न लावता वावरणारी घरंदाज व्यक्ती बहुधा तीच एक असावी.

मंजिरी_क

पाथेय, माहिती सुरेख आहे, परंतु का रेत्सोनिकोच्या तुलनेने मूळ प्रश्न अधिकच अवघड झाला. तिथे घराचा सांगाडा मूळ आहे आणि सामान बाहेरचे. का द'ओरोत सामान बाहेरचे आहेच, शिवाय सांगाड्यावरही चार हात फिरले आहेत.

परखड

मंजिरी यांनी माझेच म्हणणे अधिक नेमक्या शब्दांत मांडले. दर्यावर्दी यांच्या प्रतिसादानंतर मी एक पाऊल मागे घेतो : कठडा आणि जिना परत आणणे हे निःसंशय पुण्याचे काम होते. पण फरशीबाबत माझा आक्षेप कायम आहे. ती सुंदर आहे, फ्रांकेत्तींचे हात तिला लागले आहेत, तरीही ती विसाव्या शतकाची कलाकृती आहे, आणि पाहणाऱ्याला ते दाराशीच ठळकपणे कळले पाहिजे. नीलमोहोर यांना ते घरी आल्यावर वाचनातून कळले.

कुतूहल

पुराच्या वेळी त्या फरशीचे काय होते?

दर्यावर्दी

तळमजला कालव्याच्या पातळीपेक्षा फारसा उंच नाही, त्यामुळे मोठी भरती आली की पाणी दारातून पाहुण्यासारखे आत येते. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री भरती १८७ सेंटिमीटरपर्यंत चढली होती, १९६६ नंतरचा तो सर्वांत मोठा पूर. पाणी ओसरले तरी मीठ दगडात आणि विटेत मुरून राहते, सुकताना त्याचे स्फटिक फुगतात आणि पृष्ठभाग आतून सुटू लागतो. खाजणाच्या मुखाशी बसवलेले मोझे हे उचलते दरवाजे ३ ऑक्टोबर २०२० रोजी भरतीविरुद्ध पहिल्यांदा उभे केले गेले, तेव्हापासून मोठ्या भरतीचा धोका बराच कमी झाला आहे. म्हणजे परखड यांच्या आक्षेपार्ह फरशीचीही आता देखभाल करावी लागणार आहे, नकली म्हणून ती टाकून देता येत नाही.

गवाक्ष

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण इतका वेळ आपण सगळेच 'मारिनोचे मूळ घर' असे काहीतरी अखंड आणि शुद्ध होते असे गृहीत धरून बोलत आहोत. त्याने सासरचे जुने घर पाडले खरे, परंतु त्याच्यातल्या बायझंटाइन वळणाच्या कोरीव दगडी पट्ट्या फेकून दिल्या नाहीत. त्या त्याने नव्या दर्शनी भागात बसवल्या आणि त्या आजही तिथे दिसतात. पहिल्या मजल्याच्या सज्ज्याची जाळी तर त्याने सरळ दोजच्या राजवाड्यावरून उचलली. दर्शनी भागही दोन्ही बाजूंना सारखा नाही : डावीकडे तीन मजली मोकळे सज्जे, उजवीकडे संगमरवरी भिंत आणि तिच्यात लहान खिडक्या. डावीकडे आणखी एक बाजू बांधायची राहून गेली असावी असे काही जण मानतात, तर हेच योजलेले रूप होते असे इतर म्हणतात.

म्हणजे जुन्याचे तुकडे घ्यायचे, दुसरीकडचे मनाजोगते घ्यायचे आणि त्यांतून आपले घर जुळवायचे, हे फ्रांकेत्तींच्या आधी पावणेपाचशे वर्षे खुद्द मारिनोनेच केले होते. फरक असलाच तर एवढा की मारिनोने पत्नीच्या माहेरच्या पट्ट्या ठेवल्या त्या काटकसरीने, आठवणीने की निव्वळ आवडल्या म्हणून, हे त्याच्या हिशेबाच्या वह्या सांगत नाहीत.

परखड

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. फरशीबद्दलची पाटी मात्र दाराशी हवीच.

नीलमोहोर

सर्वांचे मनापासून आभार. मी तळमजल्यावरून थेट वर गेले, सज्ज्यात उभी राहून कालवा पाहिला आणि बाहेर पडले. दर्शनी भाग नीट पाहिलाच नाही, कारण आपण घराच्या आत असतो तेव्हा तो दिसत नाही आणि जलबस तिथून पुढे पटकन निघून जाते. त्या जुन्या पट्ट्या पाहायच्या असतील तर कुठे उभे राहावे?

चौकस_आजोबा

समोरच्या काठावर रिआल्तोचा मासळीबाजार आहे, तिथे उभे राहा. घराजवळच्या सांता सोफियाच्या धक्क्यावरून तिथे जायला दोन वल्हेकऱ्यांची होडी चालते आणि अगदी थोड्या पैशांत ती पलीकडे सोडते. सकाळी लवकर जा, म्हणजे बाजारही चालू असेल. जुन्या काळचे व्हेनिसकर त्या होडीत उभ्यानेच जात, पण तुम्ही बसूनच जा. मी उभा राहिलो होतो आणि माझा चष्मा अजून त्या कालव्यात आहे.